रिकामा फुगा

कॉमिकचे मूळ पान प्रथमच पाहणाऱ्याला बहुधा दोन गोष्टींचे नवल वाटते. ते छापील पानापेक्षा बरेच मोठे असते, आणि ते फारसे स्वच्छ नसते. छापील पुस्तकात जी रेषा एका दमात उमटल्यासारखी दिसते, तिच्याखाली पेन्सिलीच्या तीनचार फसलेल्या रेषा असतात. कुठे पांढरा रंग लावून एखादा हात बुजवलेला असतो आणि त्यावर दुसरा हात काढलेला असतो. समासात कोणी तरी बाण काढून 'हे काळे भरणे' असे लिहिलेले असते. फिक्या निळ्या पेन्सिलीच्या खुणा छपाईच्या कॅमेऱ्याला दिसत नसत, म्हणून त्या खोडण्याची तसदी कोणी घेत नसे. त्या तशाच राहून गेलेल्या असतात. एखाद्या कवीची वही हाती आल्यावर खोडलेल्या ओळींकडे आपण ज्या लोभाने पाहतो, तो लोभ इथेही जागा होतो.

माझ्याकडे असे एक पान आहे. नागपूरला सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात एका नकाशाच्या आत गुंडाळलेले सापडले. विकणाऱ्याने नकाशाचे पैसे घेतले, पानाचे घेतले नाहीत. पानावर चित्रकाराची सही नाही आणि कथा कोणती तेही कळत नाही. एक राजा, एक म्हातारी, मागे वाड्याची कमान. एकूण सहा चौकटी. गंमत अशी की, सहाही चौकटींतले संवादाचे फुगे रिकामे आहेत. एकच चित्रकथा अनेक भाषांत छापायची असली की मजकूर वेगळ्या पारदर्शक कागदावर लिहून पानावर ठेवीत. तो कागद गेला आणि पान मुके झाले. म्हातारीचा हात वर आहे, तोंड उघडे आहे, राजा ओशाळला आहे. ती काय म्हणाली ते मात्र आता कोणालाच कळायचे नाही.

हे पान मी कधीकधी वर्गात नेतो आणि विद्यार्थ्यांना फुगे भरायला सांगतो. माझे बहुतेक विद्यार्थी लाखांदूर तालुक्यातल्या खेड्यांतून येतात. घरी झाडीबोली बोलतात, आणि आवारातही. पण फुगा भरायला घेतला की ती म्हातारी 'महाराज, आपण प्रजेवर अन्याय करीत आहात' असे पाठ्यपुस्तकी मराठी बोलू लागते. इतक्या वर्षांत एकाही म्हातारीने राजाला 'काहून बाप्पा' म्हटलेले नाही. याचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. असो, तिकडे पुढे येईनच.

मूळ पानाचा हा ओढा तसा तर्काला धरून नाही. वॉल्टर बेंजामिनने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे तेजोवलय कसे विरत जाते ते सांगितले. साहित्याच्या वर्गांतून तो निबंध आपण इतक्यांदा शिकवला आहे की, त्याची बाजू उलटी लागू पडणारी उदाहरणे आपल्या लक्षातच येत नाहीत. कॉमिक हे असे उदाहरण आहे. इथे छापील प्रत हीच कलाकृती असते. मूळ पान म्हणजे मूर्तिकाराचा साचा. मूर्ती निघाली की त्याचे काम संपले. लाखो मुलांनी ज्याच्यावर जीव टाकला ते पान कागदावर छापलेले होते, शिळा टाकलेला होता तो साचा. मग साच्यासाठी आपण का झुरतो? मला वाटते, साच्यात बोटांचे ठसे राहतात म्हणून.

प्रकाशकांना मात्र हे पुष्कळ दिवस कळले नाही, किंवा चांगलेच कळले होते. मार्व्हलसाठी हजारो पाने काढणाऱ्या जॅक कर्बीला त्यांतली काही परत मिळायला १९८७ साल उजाडावे लागले, आणि तेही जाहीर वादानंतर. आज परिस्थिती अशी की, एर्जेने १९३६ मध्ये टिनटिनच्या 'द ब्लू लोटस'साठी केलेले आणि छपाईला महाग पडेल म्हणून नाकारले गेलेले मुखपृष्ठ २०२१ च्या जानेवारीत पॅरिसला तीस लाख युरोंहून अधिक किमतीला गेले. या आकड्यांची चर्चा संग्राहकांत फार चालते. मला तिच्यात रस नाही. ज्या गोष्टीची किंमत तिच्यावरच्या ओरखड्यांत आहे, तिचा भाव विचारला की संभाषण ताबडतोब कंटाळवाणे होते.

आपल्याकडे पानामागे ठरलेला मोबदला मिळाला की मूळ पानाशी चित्रकाराचा संबंध बहुधा तिथेच तुटे. शि. द. फडणीसांसारखा एखादाच, ज्याने आपली मूळ चित्रे जपली आणि 'हसरी गॅलरी' म्हणून ती लोकांपुढे मांडली. राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम, वसंत हळबे ही किती मराठी नावे! अमर चित्र कथा १९६७ मध्ये सुरू झाली आणि 'टिंकल' १९८० मध्ये. सुप्पंडीचे ते टोकदार डोके वाईरकरांचे आणि डोळ्यांवर टोपी ओढलेला शिकारी शंभू हळब्यांचा, हे माझ्या पिढीच्या किती वाचकांना ठाऊक असेल? मराठी चित्रकलेच्या इतिहासात यांना अर्धे पान मिळत नाही आणि मराठी साहित्याच्या इतिहासात तेवढेही नाही.

लाखांदूरला हे सारे पोचले ते छापील रूपात, आणि तेही उशिरा. १९६४ साली निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचे जे अंक आमच्या हाती येत, त्यांना बहुधा मुखपृष्ठ नसे. वेताळ आम्हांला ठाऊक होता, पण गोविंद ब्राह्मणियांनी रंगवलेला मुखपृष्ठावरचा वेताळ मी महाविद्यालयात गेल्यावर पाहिला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले तेव्हा आमच्याकडे ते अजून फिरतच होते. पाचपाच घरांतून फिरून पाने मऊ सुती कापडासारखी झालेली.

या फिरत्या अंकांत एक आमच्या घरातून कधी बाहेर गेला नाही. अमर चित्र कथेचा 'बाबासाहेब आंबेडकर', १९७९ चा, चित्रे दिलीप कदमांची. माझ्या आबाजींना, म्हणजे आजोबांना, अक्षर येत नव्हते. ते विड्या वळत. मांडीवरच्या सुपात तेंदूची पाने आणि तंबाखू, शेजारी कात्री आणि पाने कापायचा पत्र्याचा साचा. हात थांबत नसत. मी फुगे वाचून दाखवायचा आणि ते तिरप्या नजरेने चित्र पाहायचे. एकदा सभेचे चित्र आले तेव्हा मात्र हात थांबले. त्यांनी अंक जवळ घेतला, मागच्या गर्दीवर बोट ठेवले आणि यात आम्ही कुठे आहोत, असे विचारले. मी काय सांगणार? कॉमिकमध्ये गर्दी म्हणजे टिंबे. चित्रकाराने नायकाच्या कपाळावरची आठी काढायला जेवढा वेळ दिला, तेवढ्यात तीनशे माणसांची डोकी आटपतात, आणि तो त्याचा दोष नव्हे, त्या कलेची ती रीतच आहे.

आबाजींच्या प्रश्नामागे त्यांची स्वतःची एक हकीकत होती. १९५४ साली बाबासाहेब भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. मतदारसंघ द्विसदस्यीय होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव, त्यामुळे प्रत्येक मतदाराला दोन मते. दुसरे मत कोणालाच देऊ नये, ते 'कुजवावे', असे काही कार्यकर्त्यांचे म्हणणे होते आणि राज्यघटना लिहिणाऱ्या माणसाने त्याला साफ नकार दिला, ही गोष्ट आमच्या भागात आजही सांगितली जाते. निकाल सर्वांना ठाऊक आहे. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर, आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पडले.

आबाजी तेव्हा तिशीच्या आसपासचे. काही वाट बंडीने, काही पायी, असे दोन दिवस करून ते सभेला भंडाऱ्याला गेले होते. उन्हाळा होता. ते इतके मागे उभे होते की त्यांना एक शब्द ऐकू आला नाही. म्हातारपणी कोणीही विचारले, बाबासाहेब काय बोलले हो, की ते एकच वाक्य म्हणत : 'आयकू नाई आलं, पन डोऱ्यानं पायलं.' त्या वाक्यात मला तरी कधी खंत ऐकू आली नाही. आणखी एक गोष्ट ते सांगत, मतदानाची. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर निशाणीचे चित्र. मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरशत्रू माणूस त्या खोलीत एकटा उभा राहून ओळीने लावलेली चित्रे वाचतो आणि त्यांतल्या हत्तीपाशी थांबतो. चित्रे वाचणे म्हणजे काय, याचा इतका गंभीर प्रसंग मला दुसरा माहीत नाही.

आता चित्रे करवून घेण्याविषयी. पाश्चात्त्य देशांतल्या कॉमिक मेळ्यांत चित्रकार टेबल मांडून बसतात आणि चाहते पैसे देऊन आपल्या आवडत्या पात्राचे चित्र काढून घेतात. दिल्लीला २०११ मध्ये कॉमिक कॉन सुरू झाल्यापासून ती चाल इकडेही आली. अशी चित्रे मी पाहिली आहेत. त्यांत कौशल्य असते, पण बहुतेक ठिकाणी पात्र नुसते पोज घेऊन उभे असते. गोष्ट नाही, आधीची चौकट नाही, नंतरची नाही. कॉमिकचा जीव दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत असतो. स्कॉट मॅक्क्लाउडने १९९३ मध्ये याविषयी एक आख्खे पुस्तक लिहिले, तेही कॉमिकच्याच रूपात. पिंगुळीचे चित्रकथी हे फार आधीपासून जाणत होते : त्यांच्या पोथीतली सुटी चित्रे ही एकामागून एक धरायची पाने, शब्द सांगणाऱ्याच्या तोंडी. मला पोज नको होती, पान हवे होते. आबाजींचे पान. गर्दीतल्या त्या टिंबाला चौकट हवी होती.

वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांचे म्हणणे असे की, काढायचेच तर १४ ऑक्टोबर १९५६ काढ, दीक्षाभूमी काढ, तिथेही आबाजी होतेच. पडल्याचे चित्र कोणी भिंतीवर लावते का? युक्तिवाद बिनतोड होता. मी एवढेच म्हणालो की, दीक्षेची चित्रे पुष्कळ आहेत आणि पुढेही निघतील. भंडाऱ्याच्या त्या उन्हाळ्याचे चित्र आपण काढले नाही तर ते कोण काढणार? वडील त्या वेळी सात वर्षांचे होते. त्यांना फक्त रिकामे सूप आठवते. आबाजी चार दिवस घरी नव्हते आणि सूप भिंतीला टेकवून ठेवले होते.

चित्रकार पुण्यामुंबईचा नको, हे मी आधीच ठरवले होते. वैनगंगा ओलांडली की वडसा. झाडीपट्टी नाटकांचे हे मोठे ठाणे. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की कंपन्यांच्या गाड्या इथून निघतात आणि होळीपर्यंत रात्र रात्र नाटके चालतात. तिथे एक पेंटर आहेत, नाटकांचे पडदे रंगवलेले : राजवाडा, जंगल, रस्ता, गरिबाचे घर. फ्लेक्स आल्यापासून हाताला काम कमी. मी त्यांना पेंटरभाऊ म्हणतो, ते मला सर म्हणतात. मी काय हवे ते सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि भाव चौरस फुटाने सांगितला. दीड फूट बाय एक फुटाच्या कागदाचे त्या हिशेबाने इतके थोडे पैसे झाले की, आम्ही दोघेही हसलो आणि मग दिवसाच्या मजुरीवर ठरले.

पहिले कच्चे पान आले ते पडदाच होते. सारी माणसे एका ओळीत, प्रेक्षकांकडे तोंड करून. आबाजी मध्यभागी, छाती काढून. मी म्हणालो, आबाजी सभेत मागे उभे आहेत, ते पुढे पाहताहेत, म्हणजे आपल्याला त्यांची पाठ दिसायला हवी. पेंटरभाऊ अस्वस्थ झाले. 'सर, हिरो पाठमोरा?' रंगमंचावर नट प्रेक्षकांना पाठ दाखवीत नाही, हा त्यांच्या चाळीस वर्षांचा नियम. यावर दोन भेटी गेल्या. शेवटी पाठ काढायला ते तयार झाले, आणि मग ती त्यांनी अशी काढली की मला बोलता येईना : घामाने चिकटलेला सदरा, खांद्यावरचा दुपट्टा, एक खांदा दुसऱ्यापेक्षा किंचित खाली. दिवसभर सुपावर वाकून बसणाऱ्याचा खांदा तसाच उतरतो. हे मी त्यांना सांगितलेले नव्हते. त्यांच्या घरीही विड्याच वळल्या जात.

खरी अडचण पुढची होती. आबाजी मागे, म्हणजे बाबासाहेब लांब, म्हणजे लहान. 'एवढे लहान बाबासाहेब मी काढणार नाही,' पेंटरभाऊ म्हणाले आणि ब्रश खाली ठेवला. त्यांचा आक्षेप मला कळत होता. आमच्याकडे चौकाचौकात जो पुतळा आहे, घराघरात जो फोटो आहे, त्यात बाबासाहेब लहान कधीच नसतात. त्यांना लहान काढणे हे अंतराचे गणित आहे, असे सांगून भागत नाही. मी आग्रह सोडून दिला आणि आठपंधरा दिवस तिकडे फिरकलोही नाही. मग त्यांचाच फोन आला. त्यांनी चौकटीच्या टोकाला बाबासाहेब काढले होते, तांदळाच्या दाण्याएवढे. ब्रशचे केस उपटून एकच केस ठेवला होता आणि चार दिवस तेवढेच काम केले होते. भिंगातून पाहिले तर चष्मा दिसतो, कोटाची कॉलर दिसते, उचललेले बोट दिसते. साध्या डोळ्यांना फक्त एक निळा ठिपका.

या दरम्यान मी त्यांना 'भीमायन' दाखवले होते. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांचे ते पुस्तक २०११ मध्ये निघाले. त्यात पान चौकोनी चौकटींत कापलेले नाही. गोड बोलणाऱ्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा आणि विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. माझ्या मनात होते की, आपल्या पानातही असे काही करावे. पेंटरभाऊंनी पुस्तक रात्रभर ठेवून घेतले, दुसऱ्या दिवशी कागदात गुंडाळून परत दिले आणि म्हणाले, हे त्यांचे आहे, आपला फुगा गोलच राहू द्या. त्यांचे बरोबर होते.

फुग्यांत काय लिहायचे यावरून घरात वाद झाला. आबाजींच्या वाक्यातला 'डोऱ्यानं' माझ्या चुलतभावाला खटकला. तो शाळेत शिकवतो. पानावर कायमचे जाणार, तर 'डोळ्यानं' लिही, लोक अडाणी म्हणतील, असे तो म्हणाला. झाडीबोलीत 'ळ'चा 'र' होतो, 'ण'चा 'न' होतो. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या बोलीसाठी आयुष्य वेचले, झाडीबोलीची संमेलने भरतात, तरीही शाळेच्या वहीत तो 'र' लाल शाईनेच गोल केला जातो. माझ्या वर्गातल्या म्हाताऱ्या पाठ्यपुस्तकासारख्या का बोलतात, त्याचे उत्तर हेच. 'डोऱ्यानं' तसाच राहिला. पेंटरभाऊंनी तो बोर्डावर दुकानाचे नाव लिहावे तशा ठसठशीत अक्षरात लिहिला, इतका की बाकीचे वाक्य त्याच्यापुढे बारीक दिसते.

आणि बाबासाहेबांचा फुगा. पेंटरभाऊंनी त्याला भरपूर जागा ठेवली होती. भंडाऱ्याच्या सभांचे वृत्तान्त उपलब्ध आहेत, त्यांतली एखादी ओळ घालणे सोपे होते. वडिलांनाही तसेच वाटत होते. पण हे पान सभेचे नाही, सभेच्या मागच्या टोकाला उभे असलेल्या माणसाचे आहे. त्याच्या कानाशी जे पोचले नाही, ते त्याच्या पानात कसे पोचणार? तो फुगा आम्ही रिकामा ठेवला. पाहणारे विचारतात, लिहायचे राहिले का? मी आबाजींच्या फुग्याकडे बोट दाखवतो.

एकूण पाच चौकटी झाल्या. विड्या वळणारे हात, रात्रीची बंडी, सभा, मतदानाची खोली, आणि पुन्हा विड्या वळणारे हात. निकाल लागला त्या दिवशीही हजाराचा हिशेब पुरा करायचा होताच. चेहरा फक्त मतदानाच्या चौकटीत दिसतो. त्यासाठी आमच्याजवळ एकच आधार होता, विडी कामगाराच्या ओळखपत्रावरचा साठीतला फोटो, तोही शिक्क्याने अर्धा झाकलेला. त्यावरून तिशीतला माणूस काढायचा. वडिलांनी पान पाहिले आणि म्हणाले, हे माझे वडील नाहीत. तीन दिवसांनी जेवताना अचानक म्हणाले, कान बरोबर आहेत.

पान चौकटीत बसवून घेतले, तेव्हा मी पेंटरभाऊंकडे ते पहिले कच्चे पानही मागितले. ज्यात सगळे प्रेक्षकांकडे तोंड करून उभे आहेत आणि आबाजी छाती काढून मध्यभागी. संग्रह करणाऱ्याला अशी पाने सोडवत नाहीत. पैसे देऊ केले. त्यांनी मान हलवली. 'तुमचं तुम्हाला दिलं सर. ते माझं आहे.' एका जुन्या जंगलाच्या पडद्याच्या गुंडाळीत त्यांनी ते ठेवले आहे. मंडईचे दिवस आले की ती गुंडाळी उलगडते. गेल्या वर्षी ते पान त्यांनी एका कंपनीच्या लेखकाला दाखवले. या गोष्टीचे नाटक होईल का, असे ते मला विचारत होते. नाटकात आबाजींना प्रेक्षकांकडे तोंड करून उभे राहता येईल, असेही म्हणाले.